चूक कोठे आहे?

[संगणकाने दिलेले उत्तर नेहमी बरोबर असते, असे अनेकांना वाटते. पण संगणक माणसाने दिलेल्या आज्ञा पाळतो. आज्ञेत चूक असेल तर उत्तरातही चूक येते. अशी चूक शोधण्याची एक साधी पद्धत या पाठात सांगितली आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी भारताची भूमी मोजणाऱ्या लोकांनी हीच पद्धत वेगळ्या रीतीने वापरली होती. त्या कामाची एक खूण वर्धा जिल्ह्यात आहे. तिचीही माहिती या पाठात आहे.]

वर्धा हा कापसाचा जिल्हा. हंगाम सुरू झाला की हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील बाजारांत कापसाच्या गाड्या येऊ लागतात. शेतकऱ्याची भरलेली गाडी आधी वजनकाट्यावर चढते. कापूस उतरवल्यावर तीच गाडी रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. या दोन वजनांतील फरक म्हणजे कापसाचे वजन. वजनाला दराने गुणायचे, हमाली आणि तोलाईचा खर्च वजा करायचा आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला द्यायची. हा सगळा हिशेब ज्या कागदावर मांडतात त्याला हिशेबपट्टी म्हणतात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल त्या कागदावरच्या शेवटच्या आकड्यात असते.

समजा, अशी हिशेबपट्टी संगणकाकडून तयार करून घ्यायची आहे. त्यासाठी संगणकाला क्रमाने आज्ञा द्याव्या लागतात. आज्ञांच्या या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. पायथॉन, सी, जावा अशा भाषांत आज्ञावल्या लिहितात. त्या भाषांतील शब्द इंग्रजी असतात. समजायला सोपे जावे म्हणून आपण आपली आज्ञावली मराठीतच लिहू.

१. भरलेल्या गाडीचे वजन घे.
२. रिकाम्या गाडीचे वजन घे.
३. पहिल्या वजनातून दुसरे वजन वजा कर. उत्तराला ‘कापूस’ म्हण.
४. ‘कापूस’ला १०० ने भाग. उत्तराला ‘क्विंटल’ म्हण.
५. ‘क्विंटल’ला दराने गुण. उत्तराला ‘किंमत’ म्हण.
६. ‘किंमत’मधून खर्च वजा कर. उत्तराला ‘देणे’ म्हण.
७. ‘देणे’ छाप.

आता नमुन्यादाखल काही आकडे घेऊ. भरलेल्या गाडीचे वजन ३,५४५ किलो, रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो, दर क्विंटलला ७,००० रुपये आणि खर्च ४०० रुपये. आधी हा हिशेब कागदावर करून पाहू. कापूस १,८४५ किलो झाला. १०० किलोंचा एक क्विंटल, म्हणून १८.४५ क्विंटल. त्याची किंमत १,२९,१५० रुपये. खर्च वजा करून शेतकऱ्याला १,२८,७५० रुपये मिळायला हवेत.

पण संगणकाने उत्तर छापले १,२५,६००. म्हणजे ३,१५० रुपये कमी! संगणकाने कोणतीही तक्रार केली नाही. तो मध्येच थांबला नाही. त्याने चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतक्याच स्वच्छ अक्षरांत छापला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आज्ञावलीत चुका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली चूक लिहिण्याची. कंस उघडला आणि मिटायचा राहिला किंवा आज्ञेतील एखादे अक्षर चुकले, तर संगणक आज्ञा समजत नाही. बहुतेक वेळा तो कोणत्या ओळीपाशी अडला तेही सांगतो. दुसरी चूक अर्थाची. येथे आज्ञा बिनचूक लिहिलेली असते, पण ती आपल्याला हवे ते काम करत नसते. संगणकाला आपल्या मनातले कळत नाही, म्हणून या चुकीबद्दल तो गप्प राहतो. आपली चूक या दुसऱ्या प्रकारची आहे.

अशा वेळी बहुतेक जण अंदाज करू लागतात. कोणी म्हणतो, “दर चुकला असेल.” कोणी म्हणतो, “खर्च दोनदा वजा झाला असेल.” मग जो तो आपल्या अंदाजाप्रमाणे एकेक आज्ञा बदलू लागतो. त्यामुळे जुनी चूक सापडत नाहीच, उलट नव्या चुका तयार होतात. शेवटी कोणती आज्ञा मुळात कशी होती, हेही आठवत नाही.

याहून सोपा उपाय आहे. आपल्या आज्ञावलीत ‘छाप’ ही आज्ञा फक्त शेवटी आहे. मधल्या सहा पायऱ्यांत काय घडले, हे आपल्याला दिसतच नाही. म्हणून मध्येही ‘छाप’ लिहायचे. पायथॉन भाषेत या आज्ञेला ‘प्रिंट’ म्हणतात आणि सी भाषेत ‘प्रिंटएफ’. पूर्वीच्या अनेक संगणकांना पडदा नसे. त्यांची उत्तरे खरोखरच कागदावर छापली जात. आज ती पडद्यावर दिसतात, पण आज्ञेचे नाव तेच राहिले आहे.

‘छाप’ कोठे लिहायचे, यालाही विचार लागतो. सहा पायऱ्यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे तिसऱ्या पायरीनंतर, आपण एक ओळ घालू:

छाप “तिसऱ्या पायरीनंतर कापूस =”, कापूस

आज्ञावली पुन्हा चालवली. पडद्यावर ओळ आली: तिसऱ्या पायरीनंतर कापूस = १८४५. आपल्या कागदावरही १,८४५ आहे. म्हणजे पहिल्या तीन पायऱ्या निर्दोष आहेत. दोन्ही वजने बरोबर आली आणि वजाबाकीही बरोबर झाली. चूक असेल तर ती चौथ्या, पाचव्या किंवा सहाव्या पायरीत आहे. एका ओळीने शोधाचे क्षेत्र निम्मे झाले.

आता चौथ्या पायरीनंतर दुसरी ओळ घालू:

छाप “चौथ्या पायरीनंतर क्विंटल =”, क्विंटल

पडद्यावर आले: चौथ्या पायरीनंतर क्विंटल = १८. कागदावर मात्र १८.४५ आहे. चूक सापडली! चौथ्या पायरीत जाताना आकडा बरोबर होता आणि बाहेर पडताना तो बिघडला. ४५ किलो कापूस या पायरीत नाहीसा झाला. ७,००० रुपये दराने त्याची किंमत ३,१५० रुपये होते. नेमकी हीच रक्कम कमी पडत होती.

असे का झाले? पायथॉन भाषेत भागाकाराच्या दोन खुणा आहेत. एक तिरपी रेघ दिली तर दशांशासह पूर्ण उत्तर मिळते. दोन तिरप्या रेघा दिल्या तर उत्तरातील फक्त पूर्णांक मिळतो आणि पुढचा अपूर्णांक सोडून दिला जातो. आज्ञावली लिहिणाऱ्याने चौथ्या पायरीत दोन रेघा दिल्या होत्या. एक रेघ जास्त पडली आणि शेतकऱ्याचे ३,१५० रुपये गेले.

आणखी एक गोष्ट पाहा. शेतकऱ्याने नेमका २,००० किलो कापूस आणला असता तर भागाकार २० आला असता. पूर्णांक घेतला तरी तो २० च राहिला असता. त्या दिवशी हिशेबपट्टी बरोबर निघाली असती आणि चूक लपून राहिली असती. म्हणून आज्ञावली तपासताना सोयीचे, गोल आकडे घेऊन भागत नाही. १,८४५ सारखे अडचणीचे आकडेही घ्यावे लागतात.

मध्यावर तपासण्याचा फायदा लांबलचक आज्ञावलीत जास्त कळतो. समजा, १,००० पायऱ्या आहेत आणि त्यांतील एकच चुकीची आहे. एकेक पायरी तपासत गेलो तर १,००० वेळा पाहावे लागेल. पण ५०० व्या पायरीनंतर छापून पाहिले, मग उरलेल्या निम्म्या भागाच्या मध्यावर, असे करत गेलो तर सुमारे १० वेळा पाहून चुकीची पायरी सापडते.

ही युक्ती संगणकाबरोबर जन्माला आली नाही. ज्या कामात एका पायरीचे उत्तर पुढच्या पायरीत वापरायचे असते, त्या प्रत्येक कामात तिची गरज पडते. भारताच्या भूमीचे मोठे सर्वेक्षण हे असेच काम होते.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ या सर्वेक्षणाला आरंभ केला. मद्रास म्हणजे आजचे चेन्नई. सेंट थॉमस माउंट या टेकडीजवळच्या सपाट जमिनीवर सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक सरळ रेघ त्याने पोलादी साखळीने मोजली. साखळी १०० फूट लांब होती. तेवढीच रेघ मोजायला कित्येक आठवडे लागले. मग ही रेघ त्रिकोणाची एक बाजू मानली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहून कोन मोजले. एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात किंवा पुढे शिकाल. अशा रीतीने काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणासाठी वापरायची, त्याची बाजू त्याच्याही पुढच्या त्रिकोणासाठी. डोंगर, नद्या, जंगले यांच्यावरून त्रिकोणांची ही साखळी पुढे जात राहिली. प्रत्येक ठिकाणी जमिनीवर साखळी टाकण्याची गरज उरली नाही.

पण या सोयीत एक धोका होता. एखाद्या त्रिकोणात लहानशी चूक झाली तर ती पुढच्या सर्व त्रिकोणांत शिरली असती. आपल्या हिशेबपट्टीत चौथ्या पायरीची चूक सातव्या पायरीपर्यंत गेली, तसेच झाले असते. कागदावरची आकडेमोड स्वच्छ दिसली असती आणि नकाशा मात्र चुकला असता.

यावर लॅम्बटनने केलेला उपाय आपल्या ओळखीचा आहे. काही अंतर गेल्यावर तो थांबत असे आणि जमिनीवर पुन्हा एक रेघ साखळीने प्रत्यक्ष मोजत असे. त्याच रेघेची लांबी त्रिकोणांच्या गणितानेही काढलेली असे. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहायचे. १८०४ मध्ये बंगळूरजवळ अशी रेघ मोजली, तेव्हा कित्येक किलोमीटरच्या लांबीत फरक फक्त थोड्या इंचांचा निघाला. मद्रासपासून बंगळूरपर्यंतचे सर्व त्रिकोण भरवशाचे आहेत, हे त्यामुळे कळले. १८१५ मध्ये बीदरजवळही अशीच रेघ मोजण्यात आली. जमिनीवरच्या या रेघा म्हणजे त्या सर्वेक्षणातील ‘छाप’ आज्ञाच होत्या. आपण करतो तसेच ते लोकही करत होते. काय यायला हवे आणि काय आले, हे मध्येच थांबून पाहत होते.

ते आपली साधनेही तपासत. उन्हात पोलादी साखळी तापते आणि किंचित लांब होते, म्हणून मोजताना तापमानही लिहून ठेवावे लागे. पुढच्या काळात अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसैन यांनी या सर्वेक्षणाची नाजूक उपकरणे तयार करण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम केले. मोजण्याचे साधन चुकीचे असेल तर सर्व मेहनत वाया जाते. ‘छाप’ ही ओळसुद्धा एक साधनच आहे. ‘कापूस’ छापायचा असताना आपण ‘क्विंटल’ छापत नाही ना, हेही पाहावे लागते.

लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जात होता. वाटेत जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे तो मरण पावला. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. पण काम थांबले नाही. मोजलेले कोन आणि लांब्या वह्यांत लिहिलेल्या होत्या. त्यामुळे त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याला ते काम पुढे नेता आले. १८३४-३५ मध्ये डेहराडूनजवळ पुन्हा एक रेघ मोजण्यात आली आणि दक्षिणेकडून आलेले त्रिकोण हिमालयाच्या पायथ्याशी पडताळून पाहिले गेले. पुढे जगातील सर्वांत उंच शिखराला याच एव्हरेस्टचे नाव देण्यात आले. त्या काळात आकडेमोड करणाऱ्या माणसालाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत. १८३१ मध्ये या कामावर रुजू झालेले बंगालचे राधानाथ सिकदार हे असेच एक नामवंत गणिती होते.

आता पुन्हा आपल्या संगणकाकडे वळू. मध्ये छापून पाहिल्याने आणखी कोणत्या चुका सापडतात, हे तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिले उदाहरण. दोन खेपांचा कापूस मिळवायचा आहे. पहिली खेप १२ क्विंटल, दुसरी १५ क्विंटल. बेरीज २७ यायला हवी. संगणकाने छापले १२१५. बेरीज करण्याऐवजी त्याने दोन आकडे एकमेकांना जोडून ठेवले! पायथॉनमध्ये कळफलकावरून घेतलेला आकडा आधी मजकूर म्हणून येतो. त्याला संख्या बनवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती विसरली तर ‘१२’ आणि ‘१५’ हे संगणकाच्या दृष्टीने दोन शब्द असतात. येथे नुसता आकडा छापून चूक कळत नाही, कारण मजकुरातले १२ आणि संख्या असलेले १२ पडद्यावर सारखेच दिसतात. म्हणून आकड्याबरोबर त्याचा प्रकारही छापून पाहावा. तशी आज्ञा त्या भाषेत आहे. प्रकार ‘मजकूर’ असा आला की रोग कळला.

दुसरे उदाहरण. एका शेतकऱ्याने चार दिवसांत अनुक्रमे ५, ७, ६ आणि ४ क्विंटल कापूस विकला. एकच काम वारंवार करण्याची आज्ञा देऊन एकूण वजन काढायचे आहे. उत्तर २२ यायला हवे, पण आले ४. म्हणून प्रत्येक फेरीच्या शेवटी ‘एकूण’ छापून पाहिले. ५, १२, १८, २२ असे आकडे दिसायला हवे होते. पडद्यावर दिसले ५, ७, ६, ४. प्रत्येक फेरीत आधीची बेरीज पुसली जात होती. ‘एकूण शून्य कर’ ही आज्ञा फेरी सुरू होण्यापूर्वी एकदाच हवी होती. ती फेरीच्या आत लिहिली गेली होती. शेवटचा ४ पाहून हे लवकर लक्षात आले नसते. चारही आकडे ओळीने पाहताच कारण दिसले.

तिसरे उदाहरण शाळेतले आहे. नियम असा समजू की, ज्याची हजेरी ७५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तो परीक्षेला बसू शकतो. एका मुलीची हजेरी बरोबर ७५ टक्के आहे. पण संगणकाने तिचे नाव यादीतून वगळले. आज्ञावलीत दोन वाटा आहेत, एक पात्र मुलांची आणि दुसरी अपात्र मुलांची. दोन्ही वाटांच्या तोंडाशी एकेक ओळ लिहिली: छाप “पात्र वाटेने आलो”, हजेरी आणि छाप “अपात्र वाटेने आलो”, हजेरी. पडद्यावर आले: अपात्र वाटेने आलो ७५. हजेरीचा आकडा बरोबर होता, वाट चुकली होती. अट वाचून पाहिली तर तेथे ‘७५ पेक्षा जास्त’ असे लिहिले होते. ‘किंवा ७५ इतकी’ हे शब्द राहून गेले होते. ७६ किंवा ७४ टक्के हजेरी असलेल्यांना या चुकीचा त्रास झाला नसता. बरोबर काठावर असलेल्या त्या मुलीचे मात्र नुकसान झाले असते.

या उदाहरणांवरून काही नियम सांगता येतात.

१. आधी उत्तराचा अंदाज कागदावर करा. काय यायला हवे हे माहीत नसेल तर छापलेला आकडा पाहून काहीच कळणार नाही.

२. नुसता आकडा छापू नका, त्याचे नावही छापा. पडद्यावर १८, ७०००, ४०० असे आकडे एकाखाली एक आले तर कोणता कशाचा, हे थोड्या वेळात विसरायला होते.

३. मध्यावर छापून सुरुवात करा आणि शोधाचे क्षेत्र निम्मे निम्मे करत जा.

४. आज्ञावली मध्येच बंद पडली तर शेवटी कोणती ओळ छापली गेली ते पाहा. चूक बहुधा तिच्या पुढे असते. मात्र संगणक कधी कधी ओळी साठवून ठेवतो आणि मग एकदम छापतो, हेही ध्यानात ठेवा.

५. एका वेळी एकच बदल करा आणि आज्ञावली पुन्हा चालवा. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने काय झाले, ते कळत नाही.

६. गुप्त शब्द किंवा कोणाची खाजगी माहिती छापू नका. पडदा दुसरेही पाहत असतात.

आज्ञावलीतील चुकीला इंग्रजीत ‘बग’ म्हणतात. बग म्हणजे किडा. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची रीत संगणकापूर्वीपासून होती. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि त्याखाली तशी नोंद केली. चूक शोधून दुरुस्त करण्याला ‘डीबगिंग’ म्हणतात.

आज या कामासाठी ‘डीबगर’ नावाची खास साधने मिळतात. त्यांच्या मदतीने आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवता येते आणि त्या क्षणी प्रत्येक नावाची किंमत पाहता येते. मोठ्या कामात त्यांचा फार उपयोग होतो. तरीही अनुभवी लोक ‘छाप’ची साधी ओळ सोडत नाहीत. सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तकाचे एक लेखक ब्रायन कर्निघन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात नीट विचार करण्याबरोबरच या पद्धतीलाही मोठे स्थान दिले आहे. या दोन गोष्टी एकत्रच हव्यात. विचार न करता शंभर ठिकाणी ‘छाप’ लिहिले तर पडदा आकड्यांनी भरून जातो आणि चूक त्या गर्दीत हरवते.

चूक सापडल्यावरही काम संपत नाही. चौथ्या पायरीतील जादा रेघ काढल्यावर आधीच्याच आकड्यांनी आज्ञावली पुन्हा चालवायची. १,२८,७५० आले की मग इतर आकडे घ्यायचे. २,००० किलो, ९९ किलो आणि अगदी शून्य किलोसुद्धा. सगळी उत्तरे कागदाशी जुळली की मध्ये घातलेल्या ‘छाप’च्या ओळी काढून टाकायच्या. शेतकऱ्याच्या हातात जाणाऱ्या हिशेबपट्टीवर त्या ओळी येता कामा नयेत. मात्र कोणती चूक सापडली आणि ती कशी दुरुस्त केली, हे तारीख घालून वहीत लिहून ठेवावे. पुढे त्या आज्ञावलीवर दुसरे कोणी काम करू लागले, तर त्याला ती नोंद उपयोगी पडेल.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा
तोलाई – वजन करण्याची मजुरी
हमाली – माल चढवण्याची व उतरवण्याची मजुरी
खेप – एका वेळी आणलेला माल
निर्दोष – ज्यात चूक नाही असे
सर्वेक्षण – जमिनीची पद्धतशीर मोजणी व पाहणी
पडताळून पाहणे – बरोबर आहे की नाही हे ताडून पाहणे
कळफलक – अक्षरे व आकडे टंकण्याची पाटी
वगळणे – सोडून देणे, बाहेर ठेवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिशेबपट्टी म्हणजे काय?
(आ) लॅम्बटनने सर्वेक्षणाला कोठे व केव्हा आरंभ केला?
(इ) लॅम्बटनची कबर वर्धा जिल्ह्यात कोठे आहे?
(ई) १९४७ मध्ये ‘मार्क दोन’ संगणकात काय सापडले?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लिहिण्याची चूक आणि अर्थाची चूक यांत काय फरक आहे?
(आ) २,००० किलो कापूस असता तर चूक का लपून राहिली असती?
(इ) लॅम्बटन काही अंतरावर पुन्हा रेघ का मोजत असे?

प्र. ३. चूक शोधा.
एका आज्ञावलीला ४०, ५० आणि ६० या तीन गुणांची सरासरी काढायची आहे. उत्तर ५० यायला हवे, पण ७५ आले. ‘बेरीज’ छापून पाहिली, ती १५० आली. चूक कोणत्या पायरीत आहे? तेथे काय चुकले असेल?

प्र. ४. हिशेब, वजन, रक्कम, दुरुस्त हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हींकडे चालतात. पाठातून असे आणखी चार शब्द शोधून वहीत लिहा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. घरच्या एका महिन्याच्या दूध किंवा किराणा हिशेबाच्या पायऱ्या क्रमाने लिहा. त्यांत ‘छाप’ची ओळ कोठे घालाल, ते कारणासह सांगा.